‘जर’ कधी विचारायचा, ते राहूनच गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यावर जो लेख आला होता तो वाचला, सोपा आहे, चांगला आहे, आणि एरवी पेपरला पत्रं लिहायची मला सवय नाही. पण त्यात एक वाक्य असं होतं की इफ-एल्स (असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर) एकदा नीट समजलं की भाषा कुठलीही असो, गेम बनवा, वेबसाइट बनवा नाहीतर संगीत बनवा, ते तसंच्या तसं वापरता येतं. गेमचं आणि वेबसाइटचं ठीक आहे. संगीताचं मात्र साफ चूक आहे, आणि ते मी अंगावर काढून शिकले आहे म्हणून हे लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण घंटांचा किस्सा तेवढा ठेवा.

मी दिवसा हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिते. रक्कम शून्य असेल तर हे कर, नसेल तर ते कर, असल्या इफ मी झोपेतही लिहीन. काही वर्षांपूर्वी सीसाउंड नावाची भाषा हाताशी आली. बॅरी व्हर्को यांनी ती एमआयटीत 1985-86च्या सुमारास लिहिली, पण तिचं घराणं त्याहून जुनं, मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 साली बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटरकडून सूर वाजवून घेतला तिथपर्यंत जातं. या भाषेत रेकॉर्ड केलेलं वाजवण्यापेक्षा आवाज आकड्यांतून घडवायचा असतो, सेकंदाला 44100 आकडे म्हणजे सॅम्पल, आणि ते वेळेत तयार झाले नाहीत तर स्पीकर थांबत नाही, तो खरखरतो. मला वाटलं यात काय, भाषा नवी असली तरी इफ तर तोच आहे.

पहिला प्रोग्रॅम असा होता की एक सूर चालू ठेवायचा आणि बरोबर 2 सेकंदांनी त्यावर एक घंटा वाजवायची. मी लिहिलं, वेळ 2 बरोबर असेल तर घंटा. घंटा वाजलीच नाही. दहादा चालवलं, स्पेलिंग तपासलं, शेवटी वेळ स्क्रीनवर छापून बघितली तर आकडे असे येत होते, 1.9998 आणि त्याच्या लगेच पुढे 2.0005. मधला 2 गायबच! कारण ही भाषा प्रत्येक सॅम्पलला थांबून तुमची अट बघत नाही, ती सॅम्पलचे गठ्ठे करते, माझ्याकडे 32 सॅम्पलचा गठ्ठा होता, म्हणजे अट सेकंदाला 1378 वेळा आणि वर थोडं असं तपासली जायची. 2 सेकंदांत 2756 पूर्ण गठ्ठे बसतात आणि पाव गठ्ठा उरतो, म्हणून घड्याळ 2 वर कधी उभंच राहत नाही, उडी मारून पुढे जातं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल तो आकडा, 48000 केला असता तर गठ्ठे सेकंदाला बरोबर 1500 झाले असते आणि कागदावर तरी हिशोब बसला असता, म्हणजे माझी इफ बरोबर की चूक हे मी लिहिलेल्या ओळीवर नाही, वर कुठेतरी लिहिलेल्या दोन सेटिंगवर ठरत होतं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असं कोणी केलं तर त्याला घरी पाठवतील.

मग मी जे कोणीही शहाणा माणूस करेल ते केलं, बरोबर ऐवजी ‘2 किंवा जास्त’ असं लिहिलं. हेडफोन कानावर होते. 2 सेकंद शांतपणे सूर, आणि मग जे काही आलं त्याला घंटा म्हणता येणार नाही. अट 2 सेकंदांनंतर कायमची खरी झाली होती, म्हणून दर गठ्ठ्याला एक नवी घंटा सुरू होत होती, सेकंदाला तेराशे अठ्ठ्याहत्तर, आणि एकेक घंटा 4 सेकंद वाजणारी. ती सगळी बिचारी वाजली असती तर एका वेळी साडेपाच हजार घंटा झाल्या असत्या, तेवढ्यात मशीननेच मान टाकली. हेडफोन फेकून मी दोन मिनिटं नुसती बसून होते.

इथे माझ्या डोक्यात जे पडलं ते मला लेखात हवं होतं. आपण मराठीत बोलताना ‘जर-तर’ वेगळं, ‘जेव्हा-तेव्हा’ वेगळं आणि ‘जोवर-तोवर’ वेगळं असं आपोआप करतो, कोणी शिकवत नाही. पाऊस आला तर, पाऊस येईल तेव्हा, पाऊस पडतोय तोवर, या तिन्हींत कोणी गोंधळ घालत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये या सगळ्यांसाठी आपण बऱ्याचदा एकच इफ वापरतो, आणि नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ते खपून जातं कारण तिथे इफ एकदा येते, विचारली जाते, पुढे जाते. आवाजाच्या भाषेत प्रोग्रॅम पुढे जातच नाही, तो वाजत असतो, तोच कोड सेकंदाला हजारदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरतो. मला हवं होतं ‘वाजले दोन की तेव्हा एकदा’ आणि मी लिहिलं होतं ‘दोनच्या पुढे आहे तोवर’. उपाय साधाच आहे, मागच्या फेरीला वेळ 2 च्या आत होती आणि या फेरीला 2 किंवा पुढे आहे का ते बघायचं, म्हणजे ओलांडलेला क्षण पकडायचा. सीसाउंडमध्ये त्यासाठी ट्रिगर नावाचा ऑपकोड, म्हणजे तयार आज्ञा, आहे, म्हणजे हे दुखणं माझ्या एकटीचं नव्हतं.

सीसाउंडचं आणखी एक आहे आणि ते मला फार आवडतं, जरी त्याने मला रडवलंय. तिथे व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत ठेवायच्या खणाच्या, नावातल्या पहिल्या अक्षरावरून कळतं की ते कधी मोजलं जाणार. आय असेल तर सूर सुरू होताना एकदाच, के असेल तर दर गठ्ठ्याला, ए असेल तर ते अख्ख्या गठ्ठ्याचा आवाजच. म्हणजे ‘कधी’ हा प्रश्न नावातच लिहिलेला आहे! आयवर इफ लावली की निर्णय जन्माच्या वेळी होतो आणि सूर संपेपर्यंत बदलत नाही, केवर लावली की दर गठ्ठ्याला नव्याने विचार. जुन्या पद्धतीने उडी मारायचे शब्दसुद्धा वेगळे आहेत, आयगोटो फक्त सुरुवातीला उडी मारतो, केगोटो फक्त वाजताना.

आणि इथेच खड्डा आहे. तुम्ही अट केची ठेवली आणि आत मात्र आयच्या ओळी लिहिल्या, वर एक फ्रीक्वेन्सी 440, एल्सखाली 220, तर अट काहीही असो, दोन्ही बाजूंच्या आय-ओळी सुरुवातीलाच चालून जातात, कारण सुरुवातीच्या फेरीत केची अट विचारलीच जात नाही. खालची ओळ वरचीला पुसते आणि हातात 220 उरतो, नेहमीच. मी अट उलटी करून बघितली, 220. अटीत शून्य लिहिलं, 220. एक लिहिलं, 220. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसता हट्ट. मला तेव्हा भाषेचा राग आला होता, आता वाटतं की चूक माझीच, कधीचा प्रश्न आणि कधीचं उत्तर हे मी एकत्र बांधलं होतं.

तिसरी गंमत गप्प बसवण्याची. आवाज नको असेल तेव्हा ऑसिलेटरची, म्हणजे आवाजाची लाट बनवणारी, ओळ इफमध्ये टाकून वगळायची, म्हणजे प्रोसेसरही वाचेल, असं मी केलं. शांतता व्हायच्या ऐवजी किर्र असा चिवट बारीक स्वर यायला लागला, हजार-दीड हजार हर्ट्झचा. झालं असं की ओळ वगळली म्हणून व्हेरिएबल रिकामं होत नाही, त्यात शेवटचे 32 सॅम्पल तसेच पडून राहतात, आणि पुढची आउटपुटची ओळ तेच 32 सॅम्पल पुन्हा पुन्हा स्पीकरला देते, सेकंदाला 1378 वेळा, म्हणून 1378 हर्ट्झचा किडा. एल्समध्ये आवाज शून्य कर असं लिहावं लागतं. शांतताही स्वतः बनवावी लागते तिथे, आपोआप होत नाही. शिवाय वगळलेला ऑसिलेटर मरत नाही, जागच्या जागी गोठतो, परत अट खरी झाली की लाटेच्या ज्या टोकाला होता तिथूनच सुरू, एन्व्हलपही (आवाजाचा चढउतार ठरवणारी रेघ) तसंच, मधला वेळ त्याच्या हिशोबी गेलेलाच नसतो. कधीकधी हेच हवं असतं म्हणा.

हे झालं एका भाषेचं. सुपरकोलायडर ही जेम्स मॅकार्टनी यांची भाषा, 1996ची, तिथे मी शहाणी होऊन गेले होते आणि पहिल्याच ओळीला आपटले. आवाजाच्या व्याख्येत लिहिलं, हा सिग्नल अर्ध्यापेक्षा मोठा असेल तर हा आवाज नाहीतर तो, आणि समोर एरर, नॉन बूलियन इन टेस्ट. म्हणजे अटीचं उत्तर हो किंवा नाही असं आलंच नाही म्हणे. हे कळायला मला आठवडा लागला. तिथे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात, एक भाषा आणि एक आवाज बनवणारा सर्व्हर. तुम्ही लिहिलेली आवाजाची व्याख्या भाषा एकदाच वाचते आणि त्यावरून वायरिंग टाकते, कुठल्या डब्यातून कुठल्या डब्यात सिग्नल जाणार ते, आणि ती वायरिंग सर्व्हरकडे पाठवून मोकळी होते. वायरिंग टाकताना सिग्नल अजून वाहतच नसतो, मग तो अर्ध्यापेक्षा मोठा आहे का हे कोण सांगणार? मोठा-लहान ही तुलनासुद्धा तिथे उत्तर देत नाही, ती आणखी एक डबा होऊन वायरिंगमध्ये जाऊन बसते. भाषेची इफ फक्त वायरमन काम करत असताना चालते. काम संपल्यावर वायरी हलत नाहीत.

मग वाजताना निवड कशी करायची? सिलेक्ट म्हणून डबा आहे, त्याला दोन आवाज आणि कितवा हवा ते द्यायचं. दोन्ही आवाज चालूच राहतात, सिलेक्ट फक्त कुणाचा बाहेर सोडायचा ते ठरवतो. किंवा सरळ गणित, अट खरी असेल तर 1, खोटी असेल तर 0, त्याने पहिल्या-वजा-दुसऱ्याला गुणा आणि दुसरा मिळवा. शाळेतलं बीजगणित, चालतं पण. माझ्यासारख्या हिशोबवाल्या बाईला यात एक जबरदस्त फटका बसतो तो सांगते. आमच्याकडे शून्याने भागाकार होऊ नये म्हणून इफ लावतात, खाली शून्य असेल तर भागूच नको. तीच इफ मी गुणाकाराने लिहिली. आता दोन्ही बाजू चालतात म्हटल्यावर भागाकारही होतोच, शून्याने भागून अनंत येतो, त्याला मी अटीच्या शून्याने गुणते आणि समजते की गेला. फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अपूर्णांकांच्या गणितात, शून्य गुणिले अनंत म्हणजे शून्य नव्हे, नॅन, म्हणजे संख्याच नसलेली संख्या. ती एकदा फीडबॅकवाल्या फिल्टरमध्ये शिरली की स्वतःचंच मागचं उत्तर खात राहते आणि तो फिल्टर काढून नवा टाकेपर्यंत आवाज परत येत नाही. ज्या इफने मला आयुष्यभर वाचवलं तिनेच इथे गळा धरला. सिलेक्टने निवडलं असतं तर निदान गुणाकार टळला असता, पण खरा उपाय आधीच, खालची संख्या शून्य होऊच द्यायची नाही, तिला कमीत कमी अमुक असं बांधून ठेवायचं.

कोणी म्हणेल की दोन्ही बाजू कायम चालवणं हा मूर्खपणा आहे, प्रोसेसर फुकट जातो. मीही म्हणायचे. पण सुपरकोलायडरच्या सर्व्हरचा नेहमीचा गठ्ठा 64 सॅम्पलचा, म्हणजे 44100च्या रेटला दीड मिलिसेकंदाच्या आत एक गठ्ठा तयार हवा. सरासरीने किती वाचलं याला तिथे अर्थ नाही. दहा आवाजांनी दहा इफ लावून काम वाचवलं आणि कधीतरी दहाही अटी एकाच गठ्ठ्याला खऱ्या झाल्या तर त्या एका गठ्ठ्यात खट्ट ऐकू येणारच, आणि ती वेळ नेमकी कार्यक्रमात येते. सगळं नेहमी चालू असेल तर निदान आधीच कळतं की झेपतंय की नाही. फॉस्ट ही फ्रान्समधल्या ग्राम या संगीत केंद्रातली भाषा तर हे उघडच मान्य करते, तिच्या सिलेक्ट-टूमध्ये दोन्ही बाजूंचे सिग्नल मोजले जातात असंच धरून चालायचं असतं.

अर्थात जिथे इफ खरंच साधी आहे अशीही भाषा आहे, चक, प्रिन्सटनमध्ये गे वांग आणि पेरी कुक यांनी केलेली. तिथे वेळ पुढे ढकलायचं काम तुम्हीच करता, एक सेकंद पुढे जा असं सांगितलं की तेवढा आवाज वाजतो आणि कोड तिथेच थांबून राहतो. त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये घड्याळ हलतच नाही आणि इफ लेखातल्यासारखी शहाण्यासारखी वागते. मुलांना सुरुवातीला मी तीच देईन. पण मुलाने तिथून उठून सीसाउंड उघडलं की पहिल्याच दिवशी 220.

बरं, निवड नीट झाली तरी कान वेगळं काही सांगतो. एका सॅम्पलला सिग्नल 0.6 आणि पुढच्याला इफने बाजू बदलली म्हणून उणे 0.3, ही उडी म्हणजे टक्. निर्णय बरोबर, आवाज वाईट. म्हणून 1 वरून 0 वर एकदम जायच्या ऐवजी 10 मिलिसेकंदांत घसरत जायचं, म्हणजे 441 सॅम्पलभर दोन्ही बाजू थोड्या थोड्या वाजतात. या वेळात अट खरी की खोटी? 0.4 खरी. ही जर-तर राहिलीच नाही, ‘जितकं-तितकं’ झालं, आणि बीजगणितवाली इफ इथे अचानक शहाणी ठरते कारण तिला अर्धवट खरं चालतं.

आवाज मोठा झाला तर उघड आणि लहान झाला तर बंद, असा गेट केला की वेगळाच उपद्रव. आवाज मर्यादेच्या आसपास रेंगाळला की गेट उघडझाप उघडझाप करत तडतडतं. तिथे दोन मर्यादा ठेवतात, उघडायला 0.1 आणि बंद व्हायला 0.05, म्हणजे एकदा उघडलं की चांगलं खाली जाईतोवर उघडंच. ही युक्ती ऑटो श्मिट यांची, 1930च्या दशकातली, इलेक्ट्रॉनिक्सवाले तिला श्मिट ट्रिगर म्हणतात. सुपरकोलायडरमध्ये तो डबा आहे, फक्त इंग्रजी नावाच्या शेवटी टीटी ऐवजी डीटी लिहिलंय आणि ते तसंच राहिलंय.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी मी अजून रात्री जागते. साधी साइन वेव्ह घ्या, 440 हर्ट्झची, आणि तिला सॅम्पलगणिक एकच प्रश्न विचारा, शून्यापेक्षा मोठी आहेस का? हो असेल तर 1, नाही तर उणे 1. आणि ते उत्तरच स्पीकरला द्या. गोल मऊ स्वर जातो आणि त्याच पट्टीत कडक, पोकळ स्क्वेअर वेव्ह येते. इथे अट आवाज निवडत नाही, अटच ऐकू येते, सेकंदाला 880 वेळा मत बदलणारी. आता शून्याच्या जागी हळूहळू वरखाली होणारी मर्यादा ठेवा, ‘हो’चा वेळ वाढतो, ‘नाही’चा कमी होतो, आणि आवाज नाकातून बोलल्यासारखा पातळ होत जातो, परत भरतो. सिंथेसायझरवाले याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. असं सरळसोट केलं तर कडांना डिजिटल खरखर येते, ती घालवायचे वेगळे उपाय आहेत, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तासभर नुसती ती मर्यादा वरखाली करत बसले होते. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली माझी एकही इफ कधी कुणाला ऐकू आलेली नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी त्या वाक्याला एक छोटी दुरुस्ती द्या, की आवाजाच्या भाषांत इफ लिहिण्याआधी ती कधी विचारली जाणार आणि किती वेळा, हे बघावं. लेखकांना राग येऊ नये, त्यांचा बाकीचा लेख मी कापून ठेवलाय.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. फॉस्टच्या सिलेक्ट-टूमध्ये अट शून्य असेल तर पहिला आवाज मिळतो आणि एक असेल तर दुसरा, म्हणजे ‘नाहीतर’ आधी लिहायचं आणि ‘तर’ नंतर. सवयीने उलटं लिहिलं जातं. मी अजूनही लिहिते.